कुर्डू पेरणारा माणूस

आमच्या घराण्यात कुर्डू पेरणारा पहिला माणूस मी. शेवटचाही मीच.

ज्यांना कुर्डू माहीत आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, तोवर मी बाकीच्यांना सांगतो. कुर्डू म्हणजे पावसाळ्यात रानात आपोआप उगवणारं तण. ज्वारीत येतं, तुरीत येतं, बांधावर येतं, नको म्हटलं तरी येतं. दसऱ्याच्या सुमाराला त्याच्या शेंड्यावर बोटभर तुरा निघतो, खाली पांढरा, वर गुलाबी. मग बी टाकून झाड वाळून जातं. तो तुरा दिसायला फार देखणा असतो, पण आमच्याकडं तो कुणी धडपणे पाहिलेला नसतो, कारण तुरा यायच्या आत कुर्डू उपटायचं असतं.

आणि उपटण्यात माझ्या मायचा हात धरणारं मुरूम गावाच्या भागात कुणी नव्हतं! हे मी लेक म्हणून सांगत नाही, (लेक म्हणूनही सांगतो) ज्यांच्या रानात ती खुरपायला जायची ते शेतकरीच सांगायचे. मायची बारा बायकांची टोळी होती. सगळ्या तिला गंगाक्का म्हणायच्या. शेताच्या एका कडेला माय आणि त्या बारा जणी ओळीनं बसायच्या, प्रत्येकीनं आपली पात, म्हणजे आपल्या वाटणीचा पट्टा, धरायची आणि खुरपत पुढं सरकायचं. माय पात संपवून पलीकडच्या बांधावर पान लावून खात बसलेली असायची तेव्हा बाकीच्या निम्म्यात असायच्या. "गंगाक्काच्या पातीत कुर्डू ऱ्हायलं असं सांगणारा अजून जल्माला यायचाय," असं ती स्वतःच सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नको.

अशा बाईच्या पोटी मी!

झालं असं. ऐंशीनंतरचं ते एक कोरडं वर्ष. आधीच्या सालीही पाऊस नावाला झालेला. पण त्याच वर्षी आमच्या वस्तीतलं विहार बांधून पुरं झालं होतं. लोकांनी दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायची आणि संध्याकाळी इथं येऊन भिंत उचलायची, असं करून बांधलेलं. मायनं डोक्यावरून किती पाट्या दगड वाहिले त्याचा हिशोब नाही. धाराशिवचे एक गुरुजी बुद्धाची मूर्ती देणार होते आणि विजयादशमीला ती बसवायची ठरली.

बैठक बसली. वस्तीच्या कमिटीचे प्रमुख मारुतीमामा म्हणाले, "मंडप झाला, जेवनाचं झालं. फुलांचं काय?"

गावात प्यायला पाणी टँकरचं, फुलं कुठली? मागची दोन वर्षं आम्ही बुद्धाच्या फोटोपुढं कागदाची फुलं वाहिली होती. कुणीतरी म्हणालं, "कागदाचीच वाहू की, निब्बार टिकत्यात."

तेव्हा मागून माय उठली. ती बैठकीत कधी बोलायची नाही. म्हणाली, "फोटोपुढं कागद चाललं. मूर्तीपुढं न्हाय चालायचं. हितं दगडं वाहिल्यात आमी. एक तरी खरं फूल पायजे."

आता मी त्या वेळी गावच्या सोसायटीत कारकून. मॅट्रिक पास, खिशाला पेन, आणि चार माणसं जमली की उभं राहण्याची खोड. मायचा आवाज जरा कापलेला ऐकला आणि मी ताडकन उठलो. "फुलांची जबाबदारी माझी! एक न्हाय, हार भरून फुलं!"

टाळ्या पडल्या. मायनं माझ्याकडं असं पाहिलं की छाती शर्टात मावेना. घरी आल्यावर माझी बायको कमल म्हणाली, "कुठनं आननार फुलं?"

"बघू की."

"म्हंजी ठावं न्हाय."

"ठावं न्हाय," मी म्हणालो.

पहिल्यांदा मुरूमहून झेंडूची रोपं आणली. आठ दिवसांत त्यांनी माना टाकल्या. मग एक दिवस वसुलीसाठी रानातून जाताना बांधावर मागच्या सालचं वाळलेलं कुर्डू उभं दिसलं. पाऊस नाही, पाणी नाही, माणूस नाही, आणि त्याच्या तुऱ्याचा रंग अजून शाबूत! हातात धरून चोळलं तर काळं चमकदार बी तळहातावर सांडलं, मोहरीहून बारीक. आणि माझ्या मॅट्रिक डोक्यात उजेड पडला. दुष्काळात जगतं, दसऱ्याला फुलतं, सुकलं तरी कोमेजत नाही. ह्याच्यापरीस बरं फूल कुठलं? रुमालभर बी घेऊन आलो.

सोसायटीत शेतीची माहितीपत्रकं यायची. ती वाचणारा गावात मी एकटाच, त्यामुळं शेती मला फार चांगली येत होती (कागदावर). दारापुढच्या जागेत दोरी लावून ओळी आखल्या, वीतवीतभर अंतरावर बोटभर खोल भोकं पाडली, प्रत्येकात मोजून चार बिया घातल्या, वर माती दाबली. पहिल्या शिंतोड्याच्या दिवशी हे सगळं केलं आणि वाट बघत बसलो.

दहा दिवस झाले, काही नाही. पंधरा झाले, काही नाही! आणि तिकडं आमच्या उकिरड्यावर, न्हाणीच्या मागं, शेजारच्या पत्र्याच्या फटीत कुर्डू तरारून वर आलेलं. जिथं कुणी बोलावलं नाही तिथं हजर, आणि मी पायघड्या घातल्या तिथं पत्ता नाही.

माय रोज बघत होती. शेवटी म्हणाली, "आरं यशवंता, काय पेरलंस काय तू?"

"फुलं."

"कसली?"

"रानातली."

"नाव न्हाय व्हय त्यास्नी?"

मी जरा घुटमळलो. "कुर्डू."

माय उंबऱ्यावर बसली. खालीच बसली. मग म्हणाली, "चाळीस वर्सं झाली मला कुर्डू उपटाया. आन माझ्याच दारात माझा ल्योक कुर्डू पेरतोय. उद्या मला कोन खुरपाया बोलवंल रं? म्हनतील, आधी घरचं काड!"

"माय, तूच म्हनलीस खरं फूल पायजे."

"फूल म्हनले म्या! तन न्हाय म्हनले!"

तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. टोळीचं काम तिच्या नावावर चालायचं, आणि बारा घरांच्या चुली त्या कामावर. पण कबूल केलेली फुलं मी दुसरी आणणार कुठून? शेवटी कमलनं मधला मार्ग काढला. दसऱ्यापर्यंत कुर्डू राहील, दसरा झाला की मायनं स्वतःच्या हातानं काढावं. माय कशीबशी कबूल झाली. जाता जाता मात्र तिच्यातली कारागीर गप्प बसली नाही. "आन इतकं खोल गाडत्यात व्हय? कुर्डू पेरत न्हाईत. भुईवर नुसतं फेकायचं आन इसरून जायाचं. तेला वाटाया पायजे की ह्यास्नी नको हाय."

मी त्याच ओळींवर बी फेकलं, काटकीनं वरची माती जरा हलवली आणि विसरल्यासारखं केलं. आठव्या दिवशी सगळी जागा हिरवी!

मग पाण्याचा प्रश्न. टँकरच्या घागरीतलं पाणी तणाला घातलं असतं तर वस्तीनं मलाच गाडलं असतं. म्हणून मी कुर्डूत उभं राहून अंघोळ करू लागलो. एका दिवशी एका ओळीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ओळीत. सोमवारी मी दाराजवळ, शनिवारी पार रस्त्याच्या कडेला! चड्डीवर, डोक्यावर तांब्या ओतत, पायाखाली रोपं तुडवू नयेत म्हणून एका पायावर. सोसायटीला जाणारे लोक थांबून विचारायचे, "यशवंतराव, आज कुठली ओळ?"

कमलनं तर कहर केला. ती मला साबण लावू देईना. "रोपास्नी बाधंल," म्हणाली. सोसायटीतले लोक हळूहळू माझ्यापासून लांब बसू लागले.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माहितीपत्रकात युरियाचं पान होतं! चेअरमनना विचारून गोदामातल्या फाटक्या पोत्याखालचं सांडलेलं ओंजळभर आणलं आणि घातलं. कुर्डूला जन्मात कुणी खत घातलं नव्हतं. ते बावचळलंच. कमरेएवढं, मग छातीएवढं झालं, पानं तळहातासारखी, आणि तुरा एक नाही! वाऱ्यानं आडवं पडायला लागलं तेव्हा कमलनं तुरीच्या वाळक्या तुराट्या रोवून त्याला बांधलं. तणाला आधार दिलेला पाहायला शेजारच्या वस्तीतून माणसं आली.

आणि अशात एका दुपारी सोजरबाईची शेळी सुटली. सोजरबाई म्हणजे मायच्या टोळीतली दोन नंबरची बाई. शेळीनं ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत प्रत्येक झाडाचा शेंडा खाल्ला. मी सोसायटीतून आलो तर नुसते खुंट उभे. मी तिथंच डोकं धरून बसलो. सोजरबाई म्हणाली, "कुर्डूच हाय न्हवं, भाऊ? म्हनून हाकलली न्हाय तिला. म्हनलं चांगलं काम करतीया."

मला रडू यायचं बाकी होतं. दसऱ्याला महिना राहिला होता. मायला काय तोंड दाखवू? पण पंधरा दिवसांनी पाहतो तर एकेका खुंटाला पाच-पाच, सहा-सहा फांद्या, आणि प्रत्येक फांदीला कळी! शेंडा खुडला की झाड पसरतं, हे त्या शेळीला माहीत होतं. माहितीपत्रकात नव्हतं.

दसऱ्याला चार दिवस राहिले आणि आमचं दार फुललं. काय सांगू! चहूकडं करपलेली रानं, पांढरी पडलेली ढेकळं, आणि आमच्या दारापुढं गुलाबी तुऱ्यांचा नुसता दाटवा, त्यावर मधमाश्या. बसमधून उतरलेली माणसं वाकडी वाट करून बघून जायची. मी हात मागं बांधून उभा. माय तेवढी पदर डोळ्यावर ओढून आत-बाहेर करायची. "बघितलं की हात वळवळत्यात माजं," म्हणायची. एकदा मात्र मी पाहिलं, कुणी नाही असं बघून ती थांबली आणि एका तुऱ्यावरून बोट फिरवलं. मी खोकलो तशी म्हणाली, "माशी होती."

आता माझा पराक्रम ऐका.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी आणि मारुतीमामा धाराशिवला मूर्ती आणायला निघालो. पहाटेची गाडी पकडायची होती. विहाराचा परिसर साफ करायला मायच्या बारा बायका बिनमजुरीच्या येणार होत्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. खिशाला पेन, हात मागं. म्हणालो, "विहारापासून माझ्या दारापर्यंत सगळी जागा स्वच्छ पायजे. पाव्हणे माझ्याच घरी चहाला येणार हायेत. गाजरगवत, आघाडा, कुर्डू, कायबी असू द्या, एक काडी दिसता कामा न्हाय!"

सोजरबाईनं विचारलं, "समदं?"

"समदं!" मी म्हणालो. "मुळासकट!"

खरं सांगतो, माझ्या दारात कुर्डू आहे हे त्या घडीला माझ्या डोक्यातच नव्हतं. ज्याला दोन महिने अंघोळ घातली ते माझ्या लेखी कुर्डू राहिलंच नव्हतं. ते माझं फूल होतं!

मूर्ती घेऊन परतलो. पोरासारखी मांडीवर धरून. गाडी जळकोटच्या अलीकडं तासभर बंद पडली तरी आम्ही तिला खाली ठेवली नाही. दुपारी गावच्या फाट्यावर उतरलो. वाट चकाचक. गवताची काडी नाही. मी मारुतीमामांना म्हणालो, "बघा, नीट सांगितलं की काम कसं होतंय!"

आणि माझं दार आलं.

दारापुढं काही नव्हतं. ताजं शेणानं सारवलेलं, वर रांगोळीचे चार ठिपके. बारा जणी ओळीनं उभ्या, घाम पुसत, कौतुकाची वाट बघत. सोजरबाई म्हणाली, "लई माजलं होतं, भाऊ. पर एकबी ठिवलं न्हाय. गंगाक्काची इज्जत ती आमची इज्जत."

मूर्ती हातात म्हणून खाली बसताही येईना. मारुतीमामांनी माझ्या हातातून हळूच मूर्ती काढून घेतली. त्यांनी बरंच जग पाहिलं होतं.

इतक्यात माय आली. ती आणि कमल सकाळपासून विहार आतून सारवत होत्या, शेणाचे हात तसेच. तिनं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता खूश होणार. चाळीस वर्षांचा सवाल होता!

"सोजरे," माय म्हणाली, "हितली फुलं कुठं हायती?"

"कसली फुलं, अक्का?"

"माझ्या ल्योकाची फुलं! दोन म्हैने एका पायावर अंघोळ केली त्यानं! लोकं हसली, तरी त्यानं पेरली, म्या एक फूल मागितलं म्हनून! आन तुमी उपटली? डोळं फुटलं काय गं तुमचं? कुर्डू आन फूल कळंना व्हय?"

चाळीस वर्षांत मायनं कुर्डूला फूल म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आक्का, ह्यांनीच सांगितलं की," सोजरबाईनं माझ्याकडं बोट केलं. "समदं म्हनले. मुळासकट म्हनले."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मायनंही पाहिलं. आयुष्यात मी खिशातलं पेन पहिल्यांदा काढून लपवलं.

"येशा," माय म्हणाली, "तू नोकरी कशी करतुस रं?"

आणि ती उकिरड्याकडं चालू लागली. मागं टोळी, मागं कमल, सगळ्यात मागं मी. उकिरड्यावर ढीग पडला होता, मुळं वर, माती लागलेली. मायनं वाकून एक झाड उचललं, झटकलं. तुरा तसाच! गुलाबीचा गुलाबी! भर दुपारच्या उन्हात पाच तास पडून त्याची एक पाकळी मऊ पडली नव्हती. दुसरं कुठलंही फूल असतं तर भाजी झाली असती.

"बसा," माय म्हणाली.

बारा जणी तिथंच ओळीनं बसल्या, रानात पातीला बसतात तशा. देठ खुडायचे, तुरे पुसायचे, सुईदोऱ्यात ओवायचे. ज्या हातांनी पाव घंट्यात सगळं उपटलं त्याच हातांनी दिवस मावळायच्या आत सात हार केले. एकटी सोजरबाई मधूनच माझ्याकडं बघून मान हलवायची. मीही एक हार करायला घेतला, पण कमल म्हणाली, "तुमी नगा. तुमी लांबनंच सांगा, मुळासकट."

दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली. वंदना झाली. फूल वाहायला पहिला मान मारुतीमामांनी मायला दिला. नवं पांढरं लुगडं नेसलेली माय पुढं गेली आणि दोन्ही हातांनी तिनं कुर्डूचा तुरा मूर्तीपुढं ठेवला. ज्या हातांनी आयुष्यभर कुर्डू उपटलं, त्या हातांनी. मला ते दिसेनासं झालं, कारण डोळे भरले होते. सांगायला लाज कसली? असा अभिमान मला नंतर पोरांच्या निकालालाही वाटला नाही.

धाराशिवचे गुरुजी भाषणात म्हणाले, "या दुष्काळात इतकी सुंदर फुलं! सोलापूरहून मागवली का?"

मी उठणारच होतो. (खोड!) पण माय बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "न्हाय जी. हितलीच हायती. माझ्या ल्योकानं वाढीवल्यात." आणि मग, तिला खोटं चालायचं नाही म्हणून, "उपटलीबी त्यानंच."

विहार हसून हसून कोसळायचं तेवढं राहिलं.

तर गोष्ट इथं संपायला हवी. पण हार उचलताना, घालताना, काढताना त्या तुऱ्यांतून एक बारीक काळं काहीतरी सांडत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. विहाराच्या अंगणात सांडलं. पाहुण्यांच्या पायाला लागून वाटेवर गेलं. आठवण म्हणून लोकांनी एकेक तुरा घरी नेला, कुणी पागोट्यात खोवून शेताकडं गेला. सोसायटीच्या चेअरमननी तर टेबलावर ठेवायला अख्खा हार मागून घेतला.

पुढच्या साली पाऊस झाला. चांगला झाला!

विहारापुढं कुर्डू. वाटेवर कुर्डू. सोसायटीच्या दारात, गोदामाच्या पायरीला, चेअरमनच्या तुरीत, ज्यानं ज्यानं कौतुक केलं त्याच्या त्याच्या रानात कुर्डू! मायच्या टोळीला श्रावण ते दसरा एक दिवस खाडा पडला नाही. गाव मला शिव्या घालत होतं आणि बारा घरं मला दुवा देत होती. सुट्टीच्या दिवशी मायनं माझ्याही हातात खुरपं दिलं आणि शेजारच्या पातीला बसवलं. ती पलीकडच्या बांधावर पान खात बसली तेव्हा मी सुरुवातीच्या बांधापासून चार हात आलो होतो. तिथून ती ओरडली, "सायेब! मागं एक ऱ्हायलं!"

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. विहारापुढं दर दसऱ्याला कुर्डू फुलतं, वस्तीतली पोरं तेच वाहतात, आणि नव्या पाहुण्यांना कौतुकानं सांगतात की ही फुलं आमच्या यशवंतआजोबांनी लावली. मी मान खाली घालून ऐकून घेतो. आमच्या घराण्यात कुर्डू पेरणारा शेवटचा माणूस मी, असं सुरुवातीला म्हणालो ते उगीच नाही. त्यानंतर ते पेरायची कुणाला गरजच पडली नाही!